घरच्या संगणकावर एचडी व्हिडिओ अडखळत चालतो: बिघाड नेमका कुठे आहे?

मूळ लेखन

नमस्कार. गेल्या दीड महिन्यापासून घरच्या संगणकावर एचडी चित्रफिती सलग चालत नाहीत. नेमके काय बिघडले आहे ते मला उमगत नसल्यामुळे येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे. प्रश्न थोडा लांबला आहे, तरी कृपया पूर्ण वाचावा.

संगणक डेस्कटॉप आहे. प्रोसेसर इंटेल कोअर आय५-३४७०, रॅम ८ जीबी, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटर १९२० × १०८० चा आणि प्रणाली विंडोज १०. दोन महिन्यांपूर्वी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि विंडोज नव्याने टाकले. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून वापरते आणि डेटा वाचावा म्हणून ते कनेक्शन ‘मीटर्ड’ ठेवले आहे. व्हिडिओ पाहण्यासाठी व्हीएलसी वापरते.

त्रास दोन प्रकारच्या फाइलींमध्ये होतो. पहिल्या फाइली आमच्या जुन्या कॅमेऱ्याने घेतलेल्या, १०८० रेषांच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या आहेत. त्या पूर्वी याच संगणकावर विनातक्रार चालत. आता सुरुवातीची आठ-दहा मिनिटे ठीक जातात आणि मग चित्र अडकू लागते. आवाज मात्र चालू राहतो. दुसऱ्या फाइली नव्या फोनवर घेतलेल्या, सेकंदाला ६० फ्रेमच्या ४के चित्रफिती आहेत. त्या पहिल्या सेकंदापासूनच धड चालत नाहीत. माणूस खोलीत शिरताना दिसतो आणि पुढच्या क्षणी थेट खुर्चीत बसलेला दिसतो, मधले काहीच दिसत नाही.

आतापर्यंत व्हीएलसी काढून पुन्हा टाकले, एक कोडेक पॅक (चित्र आणि आवाज दाबून साठवण्याच्या व उलगडण्याच्या पद्धतींचा, म्हणजे कोडेकचा, संच) बसवला आणि कॅशिंगचा आकडा वाढवून पाहिला. कशानेही फरक पडला नाही. या चित्रफितींमध्ये माझ्या वडिलांचे अखेरच्या काही वर्षांतले चित्रण आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ करमणुकीचा नाही.

प्रतिसाद १

माझ्या मते रॅम वाढवून १६ जीबी करावी. आजकाल ८ जीबी कशालाच पुरत नाही. तसेच फाइली एसएसडीवर आहेत की जुन्या हार्ड डिस्कवर, हेही पाहा. हार्ड डिस्कचा वेग कमी पडत असण्याची दाट शक्यता आहे.

प्रतिसाद २

वरील सूचनेशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण आकड्यांत सांगतो. फोनवरच्या ४के, सेकंदाला ६० फ्रेमच्या चित्रफितीचा बिटरेट साधारणपणे सेकंदाला ५० मेगाबिट असतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वासहा मेगाबाइट. ब्लू-रे चकतीवरच्या चित्रासाठीदेखील कमाल मर्यादा ४० मेगाबिटचीच आहे. धडधाकट जुनी हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला ८०-१०० मेगाबाइट सहज देते, आणि यूएसबी २.० ला जोडलेली डिस्कही तीस मेगाबाइटच्या आसपास देते. त्यामुळे साठवणीच्या वेगामुळे व्हिडिओ अडकणे हे फारच विरळा. अपवाद एकच: डिस्क मरणपंथाला लागली असेल आणि एकेक सेक्टर वाचायला ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असेल, तर व्हिडिओ अडकतो. पण तेव्हा तो दर वेळी फाइलीच्या त्याच ठिकाणी अडकतो आणि आवाजही थांबतो. रॅमचेही तसेच आहे. व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ऐंशी-नव्वद टक्क्यांवर गेली नसेल, तर रॅम वाढवून हाती काही लागणार नाही.

ताई, आपण एक गोष्ट फार चांगली नोंदवली आहे: चित्र अडकते आणि आवाज चालू राहतो. बहुतेक प्लेअर आवाजाला घड्याळ मानतात आणि चित्राला त्याच्या मागे चालवतात, कारण आवाजातली बारीकशी फटही कानाला लगेच कळते, तर एखादी फ्रेम गळाली तर डोळा ती सोसून घेतो. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला ४० मिलिसेकंद मिळतात, ६० फ्रेम असतील तर फक्त १६.७. तेवढ्या वेळात फ्रेम उलगडून तयार झाली नाही, तर प्लेअर ती टाकून देतो आणि पुढची घेतो. आपल्याला मधला माणूस दिसत नाही, तो यामुळे. म्हणजे आपल्याकडे माहिती वेळेवर पोचते आहे, पण ती उलगडण्याचे काम, ज्याला डीकोडिंग म्हणतात, वेळेत पुरे होत नाही. आवाज आणि चित्र दोन्ही अडकत असते, तर मी डिस्क, नेटवर्क किंवा एखाद्या ड्रायव्हरकडे (विंडोजला हार्डवेअर वापरू देणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) बोट दाखवले असते.

आता अंदाज बांधण्याआधी मोजमाप करू. कृपया इतके करून कळवा. व्हीएलसीत व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा, म्हणजे फाइलीचा कोडेक दिसेल. त्याच खिडकीत ‘स्टॅटिस्टिक्स’ या पानावर दाखवलेल्या आणि गळालेल्या फ्रेमची संख्या असते. तीही टिपून घ्या. प्रोसेसरचे तापमान आणि त्याचा चालू वेग दाखवणारे एखादे साधन, उदाहरणार्थ एचडब्ल्यूइन्फो, बसवा आणि जुनी फाइल पंधरा मिनिटे चालवून दर दोन मिनिटांनी आकडे लिहा. तोवर दुसरे काही बदलू नका. एका वेळी चार गोष्टी बदलल्या की त्रास गेला तरी तो कशाने गेला हे कधीच कळत नाही, आणि परत आला की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

प्रतिसाद ३

तो कोडेक पॅक आधी काढून टाका, ही कळकळीची विनंती. व्हीएलसी स्वतःचेच डीकोडर वापरते, त्याला बाहेरच्या कोडेकची गरज नसते. उलट असे पॅक विंडोजच्या बाकीच्या प्लेअरमध्ये ढवळाढवळ करून ठेवतात आणि नवाच घोटाळा होऊन बसतो.

धागाकर्तीचे उत्तर

प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. कोडेक पॅक काढला. अपेक्षेप्रमाणे फरक पडला नाही. मोजमाप पुढीलप्रमाणे आहे.

कॅमेऱ्याच्या फाइलींचा कोडेक एच.२६४ आहे, फोनच्या फाइलींचा एचईव्हीसी. मेमरी ४० टक्क्यांच्या वर गेली नाही. जुनी फाइल सुरू करण्यापूर्वी प्रोसेसरचे तापमान ५८ अंश होते. दोन मिनिटांत ते ८१ झाले, सहाव्या मिनिटाला ९५, आणि नवव्या मिनिटापासून ते ९९-१०० वर अडून बसले. त्याच सुमारास प्रोसेसरचा वेग ३.६ गिगाहर्ट्‌झवरून घसरत १.६ पर्यंत आला आणि गळालेल्या फ्रेमचा आकडा, जो तोवर शून्य होता, पंधराव्या मिनिटापर्यंत चारशेच्या पुढे गेला. संगणकाचा पंखा या सगळ्या वेळात मोठ्याने घरघरत होता. मला वाटायचे तो जुना झाला म्हणून आवाज करतो.

प्रतिसाद २ (पुन्हा)

हे आकडे स्वच्छ बोलत आहेत. प्रोसेसर तापतो आहे आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग अर्ध्यावर आणतो आहे. ‘आठ-दहा मिनिटांनी अडकतो’ या वाक्याचा अर्थच तो होता. काही न करताच ५८ अंश हेही जास्त आहे, निवांत असताना ते चाळिशीच्या आसपास असायला हवे.

संगणक बंद करून वीजजोडणी काढा, कॅबिनेटची बाजू उघडा आणि प्रोसेसरवरच्या पंख्याखाली पाहा. पंख्यावरची धूळ पाहून फसू नका, खरी अडचण त्याच्या खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये असते. मऊ ब्रशने आणि हवेच्या फवाऱ्याने ती काढा, मात्र फवारताना पंखा बोटाने धरून ठेवा, त्याला भरधाव फिरू देऊ नका. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट मूळचीच असेल तर आतापर्यंत तिची खपली झाली असेल, तीही बदलावी. इंटेलच्या मूळ हीटसिंकला चार कोपऱ्यांत चार खुंट्या असतात. काढताना त्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायच्या असतात. पुन्हा बसवताना समोरासमोरच्या, म्हणजे कर्णातल्या खुंट्या जोडीने दाबा आणि चारही नीट बसल्या की नाही हे बोर्डाच्या मागच्या बाजूने पाहा. एक जरी अर्धवट राहिली तर पहिल्यापेक्षा जास्त तापेल.

धागाकर्तीचे उत्तर

आज दुपारी भावाच्या मदतीने हे काम केले. पंखा काढल्यावर खाली जे दिसले ते पाहून आम्ही दोघेही थक्क झालो. पात्यांच्या तोंडावर राखाडी धुळीचा एक सलग थर होता, नमद्याच्या तुकड्यासारखा, आणि चिमट्याने धरल्यावर तो अखंडच्या अखंड वर आला. त्यातून वारा आत जाणे शक्यच नव्हते. पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती, पुसताना तिचा भुगा पडला. नवी पेस्ट लावून सगळे परत बसवले.

आता निवांत असताना तापमान ३९ अंश आहे. जुनी फाइल वीस मिनिटे चालवली, तापमान ६६ च्या वर गेले नाही, वेग घसरला नाही आणि गळालेल्या फ्रेम शून्य. पंखा चालू आहे हे कान देऊन ऐकावे लागते.

४के फाइली मात्र अजूनही तशाच आहेत.

प्रतिसाद ४

अभिनंदन, पण मला एक शंका आहे. एच.२६४ ची १०८० रेषांची फाइल चालताना प्रोसेसरचा वापर किती टक्के दिसतो?

धागाकर्तीचे उत्तर

साधारण ४५ टक्के. चांगले चालते आहे, म्हणून मी त्याकडे लक्ष दिले नाही.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

तिथेच लक्ष द्यायला हवे. आपल्या प्रोसेसरच्या आतच एचडी ग्राफिक्स २५०० हा ग्राफिक्स भाग आहे आणि एच.२६४ उलगडण्यासाठी त्यात वेगळे हार्डवेअर आहे. ते कामाला लागले असेल तर अशी फाइल पाहताना प्रोसेसरचा वापर दहा टक्क्यांच्या आतच राहायला हवा. ४५ टक्के म्हणजे सगळे ओझे मुख्य प्रोसेसर एकटा वाहतो आहे. धूळ काढल्यामुळे त्याला ते पेलवू लागले, इतकेच. मूळ दुखणे अजून तिथेच आहे, असा माझा कयास आहे.

डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ खाली काय नाव दिसते ते कळवा. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स भागाचा, आलेख शोधू नका. तो दिसण्यासाठी डब्ल्यूडीडीएम (विंडोजच्या ग्राफिक्स ड्रायव्हरची ठरलेली रचना) २.० किंवा त्यापुढचा ड्रायव्हर लागतो आणि या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्याहून जुना आहे, त्यामुळे सगळे सुरळीत असतानाही तो आलेख दिसणार नाही. अनेक जण तिथेच गोंधळतात आणि नसलेला बिघाड शोधत बसतात.

धागाकर्तीचे उत्तर

तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे लिहिले आहे. इंटेलचे नाव कुठेच नाही.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

सापडले. आपण विंडोज नव्याने टाकले, पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलाच नाही. एरवी विंडोज तो स्वतःहून उतरवून घेते, परंतु कनेक्शन मीटर्ड असेल तर ड्रायव्हर उतरवणे मुळातच बंद असते. आणि मॉनिटरवर चित्र पूर्ण रेझोल्यूशनमध्ये दिसत असल्यामुळे आपल्याला शंका येण्याचे कारणही नव्हते.

या कामचलाऊ ड्रायव्हरवर हार्डवेअर डीकोडिंग तर होत नाहीच, शिवाय विंडोज पडद्यावरच्या खिडक्या जुळवण्याचे, चित्र लहानमोठे करण्याचे कामही प्रोसेसरकडूनच करून घेते. म्हणजे त्याच्या डोक्यावर दुहेरी भार. आता आपल्या प्रकरणाची संगती लागते. धूळ कित्येक वर्षांपासून साचत होती, तरी जुन्या विंडोजमध्ये ग्राफिक्स भाग काम करत असल्याने प्रोसेसर फारसा तापत नव्हता आणि धूळ खपून जात होती. ड्रायव्हर गेला, भार वाढला आणि धूळ एकदम नडली. दोन्हींपैकी एकच दोष असता तर जुन्या फाइली कदाचित चालत राहिल्या असत्या आणि आपल्याला कधी कळलेही नसते.

मीटर्डची खूण थोड्या वेळापुरती काढा, विंडोज अपडेट चालवा किंवा आपल्या मदरबोर्डच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्या. नंतर व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘इनपुट / कोडेक्स’ या पानावर हार्डवेअर डीकोडिंग ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. त्यावर चित्र हिरवे किंवा काळे दिसले, तर त्याच यादीतली डीएक्सव्हीए २ ही डीकोडिंगची पद्धत निवडून पाहा.

प्रतिसाद ५

विषयाला धरूनच एक प्रश्न विचारतो. माझा लॅपटॉप नवा आहे, ड्रायव्हर व्यवस्थित आहे, फाइल एच.२६४ चीच आहे, तरीही हार्डवेअर डीकोडिंग चालू होत नाही आणि प्रोसेसर ताण घेतो. असे का व्हावे?

प्रतिसाद ४ (पुन्हा)

फाइल १०-बिट, म्हणजे नेहमीच्या ८-बिटपेक्षा रंगांच्या जास्त छटा साठवणारी, आहे का ते पाहा. कोडेकच्या माहितीत प्रोफाइल ‘हाय १०’ असे दिसेल. एच.२६४ चा हा प्रकार बहुतेक ग्राफिक्स चिपच्या हार्डवेअरने कधी स्वीकारलाच नाही, त्यामुळे तो प्रोसेसरवरच उलगडावा लागतो. गंमत अशी की एचईव्हीसीचा १०-बिट प्रकार नव्या चिप सहज उलगडतात. नव्या लॅपटॉपचा प्रोसेसर १०८० रेषांचे हाय १० सहज पेलतो. पेलत नसेल तर लॅपटॉप बॅटरीवर असताना वीज वाचवण्याच्या स्थितीत आहे का, तेही पाहावे.

प्रतिसाद ६

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी: तिथे व्हीएइन्फो ही आज्ञा चालवली की आपली चिप कोणकोणते कोडेक हार्डवेअरने उलगडते त्याची यादीच मिळते. इंटेलच्या जुन्या पिढ्यांना आय९६५ नावाचा व्हीए ड्रायव्हर लागतो. नवा आयएचडी ड्रायव्हर ब्रॉडवेल, म्हणजे इंटेलच्या पाचव्या, पिढीपासून पुढेच चालतो. चुकीचा बसवला असेल तर यादी रिकामी येते.

धागाकर्तीचे उत्तर

ड्रायव्हर बसला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आता इंटेल एचडी ग्राफिक्स असे नाव दिसते. तीच जुनी फाइल चालवताना प्रोसेसरचा वापर ६ ते ८ टक्के आणि तापमान ४४ अंश आहे. दीड महिना मी जे सोसले ते एका नसलेल्या ड्रायव्हरमुळे होते, यावर विश्वास बसत नाही. प्रतिसाद ४ देणाऱ्यांनी त्या ४५ टक्क्यांवर बोट ठेवले नसते तर मी समाधान मानून थांबले असते.

आता ४के फाइलींचे काय करावे? ड्रायव्हर बसल्यावरही त्यांत प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो आणि दर सेकंदाला वीस-पंचवीस फ्रेम गळतात.

प्रतिसाद २ (पुन्हा)

इथे मात्र बिघाड काहीच नाही, मर्यादा आहे. आपला प्रोसेसर २०१२ सालचा आणि एचईव्हीसी हे मानक २०१३ चे. जे जन्माला यायचे होते ते उलगडण्याची सोय त्या चिपमध्ये असणे शक्यच नव्हते. इंटेलमध्ये एचईव्हीसीचे ८-बिट हार्डवेअर डीकोडिंग पूर्णपणे आले ते सहाव्या पिढीत, २०१५ साली. १०-बिट आणि व्हीपी९ हा दुसरा कोडेक त्याच्या पुढच्या पिढीत आले, आणि एव्ही१ हा आणखी नवा कोडेक तर अकराव्या पिढीत, २०२० मध्ये. शिवाय ४के म्हणजे ८२,९४,४०० बिंदू, १०८० च्या नेमके चौपट, आणि आपला फोन ते सेकंदाला ६० वेळा टिपतो. जुन्या कॅमेऱ्याच्या २५ फ्रेमशी तुलना केली तर दर सेकंदाला उलगडायचे बिंदू साडेनऊ पटींहून जास्त होतात. कोडेकची वाढलेली गुंतागुंत त्यात धरलेलीच नाही.

मार्ग तीन आहेत. पहिला, यापुढे फोनच्या कॅमेऱ्यात एच.२६४ आणि १०८० रेषा निवडणे. काही फोनमध्ये याला ‘मोस्ट कम्पॅटिबल’ असे नाव असते. दुसरा, असलेल्या फाइलींच्या एच.२६४ मधल्या प्रती बनवणे. तिसरा, एचईव्हीसी उलगडणारे छोटे ग्राफिक्स कार्ड बसवणे. एनव्हिडियाचे जीटी १०३० सारखे साधे कार्डही एचईव्हीसी १०-बिट आणि व्हीपी९ हार्डवेअरने उलगडते आणि त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही. मात्र कॅबिनेटमध्ये जागा किती आहे आणि बोर्डावर स्लॉट मोकळा आहे का, ते पाहून घ्यावे.

प्रतिसाद ७

प्रती बनवण्याच्या मार्गाला माझा विरोध आहे. एकदा रूपांतर केले की दर्जा गेला तो गेला, तो परत येत नाही. वडिलांचे चित्रण आहे असे आपण लिहिले आहे. त्याला हात लावू नये असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद २ (पुन्हा)

आपली भावना योग्य आहे, आणि मूळ फाइल पुसून तिच्या जागी प्रत ठेवावी असे मीही कधी म्हणणार नाही. मूळ फाइली दोन वेगवेगळ्या डिस्कवर जशाच्या तशा जपून ठेवायच्या. प्रत केवळ पाहण्यासाठी. मॉनिटर १०८० चा असल्याने ४के फाइल त्यावर पूर्ण रेझोल्यूशनमध्ये दिसतच नाही. व्यवस्थित केलेली १०८० ची प्रत आणि मूळ यांत या पडद्यावर फरक ओळखणे अवघड आहे.

हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ (एक्स२६४) निवडा, उंची १०८०, दर्जाचा आरएफ आकडा १९ किंवा २०, आणि फ्रेमरेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’. फोन बऱ्याचदा प्रकाशानुसार फ्रेमरेट थोडा कमीजास्त करतो, म्हणून तिथे ‘व्हेरिएबल’ राहू द्या. जबरदस्तीने स्थिर आकडा दिला तर मूळचा ओघ बिघडण्याची शक्यता असते. फोनने एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराच्या जास्त छटा टिपणाऱ्या प्रकारात) टिपले असेल तर प्रतीचे रंग फिके दिसतील. तेव्हा आधी एकच छोटी फाइल रूपांतरित करून रंग पाहून घ्या आणि मगच बाकीच्या रांगेला लावा.

प्रतिसाद ८

मला ब्राउझरमध्ये ऑनलाइन व्हिडिओ पाहताना असाच त्रास होतो, संगणकही याच पिढीचा आहे.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

यूट्यूबवर असेल तर व्हिडिओवर उजवी कळ दाबून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्‌स’ उघडा. कोडेकपुढे व्हीपी०९ किंवा एव्ही०१ असे दिसले, तर आपल्या चिपला त्याचे हार्डवेअर नाही, सगळे प्रोसेसरवर आहे. ब्राउझरला एच.२६४ मागायला लावणारी एच२६४इफाय सारखी एक्स्टेंशने मिळतात. ती बसवली की तिथे एव्हीसी१ (एच.२६४ चेच दुसरे नाव) दिसू लागेल आणि भार उतरेल. यूट्यूबवर एच.२६४ फक्त १०८० पर्यंतच मिळते, पण या संगणकाला तेवढे पुरेसे आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे ना, तेही पाहा.

धागाकर्तीचे उत्तर

पहिली प्रत झाली. तीन मिनिटांच्या चित्रफितीला सोळा मिनिटे लागली. रंग ठीक आहेत आणि एकही फ्रेम गळत नाही.

आता एक बारीकशी गोष्ट विचारते. जुन्या कॅमेऱ्याच्या फाइलींत गळालेल्या फ्रेम शून्य आहेत, प्रोसेसर थंड आहे, तरीही कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरतो तेव्हा चित्र किंचित थरथरत सरकते. दाराची उभी चौकट सरकताना पाहिली की ते स्पष्ट जाणवते. माणसे बसून बोलत असतील तेव्हा काहीच वाटत नाही. हा माझ्या डोळ्यांचा भ्रम आहे का?

प्रतिसाद ९

भ्रम नाही, ताई. आपली नजर चांगली आहे. मी बरीच वर्षे चित्रणाच्या संकलनाचे काम केले आहे आणि हा प्रश्न मला रोज दिसतो.

आपला मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करतो आणि फाइलीत फ्रेम आहेत २५. साठाला पंचविसाने भागले तर २.४ येतात, पूर्णांक येत नाही. त्यामुळे मॉनिटर काही फ्रेम दोनदा दाखवतो, काही तीनदा: दोन, दोन, तीन, दोन, तीन, अशा चालीने. म्हणजे एक फ्रेम पडद्यावर ३३ मिलिसेकंद राहते आणि दुसरी ५०. दाराची चौकट मूळ चित्रणात एकसारखी सरकते आहे, पण पडद्यावर ती कधी लवकर पाऊल टाकते, कधी उशिरा. एकही फ्रेम गळलेली नसते, म्हणून प्लेअरच्या आकडेवारीत हे कधीच दिसत नाही. लोक यापायी प्लेअर बदलतात, कोडेक बदलतात आणि कंटाळून सोडून देतात.

डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटरच्या रिफ्रेश रेटच्या यादीत ५० हर्ट्‌झ आहे का पाहा. एचडीएमआयने जोडलेल्या बऱ्याच मॉनिटरना तो चालतो. ५० वर प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा दिसेल. आधी बेसिक अडॅप्टर असताना ही निवड आपल्याला मिळालीच नसती. फोनच्या ६० फ्रेमच्या फाइलींसाठी मात्र पुन्हा ६० वर यावे लागेल.

आणखी एक: कॅमेऱ्याच्या फाइली एव्हीसीएचडी (व्हिडिओ कॅमेऱ्यांचा एक ध्वनिचित्र-प्रकार) प्रकारच्या असतील तर त्यातल्या काही इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन अर्धांत टिपलेल्या), म्हणजे १०८०आय असू शकतात. हलत्या वस्तूंच्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसत असतील तर व्हीएलसीत ‘डीइंटरलेस’ चालू करून मोड ‘याडिफ (२एक्स)’ निवडा. तसे केल्यावर २५ च्या जागी ५० टप्पे मिळतात आणि ५० हर्ट्‌झवर हालचाल अगदी मऊ दिसते.

धागाकर्तीचे उत्तर

यादीत ५० होता. कॅमेऱ्याच्या फाइली तपासल्या. त्यातल्या निम्म्या खरोखरच इंटरलेस्ड निघाल्या. तुम्ही सांगितलेले कंगव्याचे दात बाबांच्या हातातल्या पेल्याच्या कडेवर स्पष्ट दिसत होते, आणि मी इतकी वर्षे तो कॅमेऱ्याचा दोष समजत होते.

याडिफ (२एक्स) लावून आणि मॉनिटर ५० वर ठेवून तीच चित्रफीत आईला दाखवली. त्यात बाबा ओसरीवरून चालत येतात, पेला खाली ठेवतात आणि कॅमेऱ्याकडे पाहतात. आईने काही न बोलता ती तीन वेळा पाहिली.

फोनच्या एकूण ८४ फाइली आहेत. त्या हँडब्रेकच्या रांगेत लावून आज रात्री संगणक चालू ठेवते आहे. शंभर टक्के भारावरही तापमान ७१ अंशांवर स्थिर आहे.